घड्याळाची थंडी, दाराची थंडी

हसनाबादची थंडी वेळ पाळणारी आहे. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातले हे गाव गिरजा-पूर्णेच्या टापूत, पाचशे-सहाशे मीटर उंचीच्या पठारावर वसले आहे. कार्तिक सरता सरता आभाळ निवळते, वारा उत्तरेकडून वाहू लागतो आणि मग संक्रांतीपर्यंत, एखाद्या वर्षी थेट शिवरात्रीपर्यंत, रात्री गारठा आणि दुपारी ऊन अशी वाटणी ठरून जाते. या भागात जानेवारीत दुपारचे सरासरी तापमान २९ अंशांच्या आसपास असते, पहाटेचे ११-१२ अंशांच्या. उत्तरेत थंडीची लाट आली की पहाटेचा पारा आणखी तीन-चार अंशांनी उतरतो, दुपार मात्र फारशी बदलत नाही. म्हणजे एरवीही एकाच दिवसात सतरा-अठरा अंशांचा चढउतार, लाटेत त्याहून जास्त. हवा कोरडी, आभाळ मोकळे, त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री सगळी उष्णता वर सोडून देते. आणि समुद्र इतका लांब की मध्ये पडून ऊन आणि गारठा या दोघांची समजूत काढायला कोणी नाही.

अशा हवेत माणूस कपडे घालतो ते तास पाहून. पहाटे कानटोपी, मफलर, स्वेटर आणि वर शाल. आठच्या सुमाराला शाल खांद्यावरून हातावर येते, दहाला स्वेटर उतरतो, आणि बारा वाजता कापूस वेचणाऱ्या बाईच्या अंगावर नवऱ्याचा जुना शर्ट असतो तो थंडीसाठी नसतो, उन्हासाठी असतो. दिवे लागले की हाच क्रम उलटा सुरू होतो. शाळकरी पोरांचे स्वेटर हरवतात ते या दोन वेळांच्या मधल्या काळात. थंडीवरचा खरा उपाय इथे कपडा नव्हेच, वाट पाहणे हा आहे. शेकोटीभोवती दोन्ही तळवे पुढे करून बसलेल्या माणसाला ठाऊक असते की आणखी तासाभराने ऊन पारावर येणार आहे. तेवढा वेळ काढायचा.

याला अपवाद एकच, आणि तो महत्त्वाचा. शेतीपंपाची वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीची येते. त्या रात्री गव्हाला, हरभऱ्याला पाणी द्यायचे तर शेतकऱ्याला दारं धरायला, म्हणजे वाफ्यावाफ्यात पाणी वळवायला, जावे लागते. अंगात दोन शर्ट, त्यावर स्वेटर, कान-गळा मफलरीने गुंडाळलेला, कपाळाला बॅटरी, आणि गुडघ्यापर्यंत पँट वर सारून पाय विहिरीच्या पाण्यात नि चिखलात. विहिरीचे पाणी उपसताना कोमट लागते, पण वाफ्यात पसरले की वाऱ्याने गार पडते. दोन वाफे भिजेपर्यंत वरचे सगळे लोकरीचे कपडे निरुपयोगी वाटू लागतात, कारण हीव पायातून वर चढते. काही जण गमबूट घालतात. ते आतून ओले झाले तर अनवाणी बरे. पाय ओले आणि वारा चालू असेल तर अंगात काय घातले आहे याला फारशी किंमत उरत नाही, हे ज्ञान भोकरदन तालुक्यात पुस्तकातून आलेले नाही. जपानच्या शहरात डिसेंबर-जानेवारीत फिरायला जाणाऱ्या माणसाने घरातून काही शहाणपण नेण्यासारखे असेल तर ते हेच.

आणखी एक आहे ते वाकळीचे. जुनी लुगडी, धोतरे, फाटकी चादर असे पाच-सहा थर एकावर एक अंथरून, कडेपासून आत धावदोरा घालत शिवलेली ही गोधडी जाड नसूनही उबदार असते, कारण ऊब कापडात नसते, दोन कापडांच्या मधे अडकलेल्या हवेत असते. टाके फार जवळ घातले तर थर चेपतात आणि गोधडी थंड लागते, हे शिवणाऱ्या बाईला ठाऊक असते. प्रवासाच्या दुकानांत आता तीन थरांचे कपडे म्हणून जे तत्त्व विकले जाते ते याहून वेगळे नाही. फरक वरच्या थरात आहे. वाकळ घरात पांघरायची असते, वारा अडवणे तिचे काम नाही. ते भिंत करते. शहरात चालणाऱ्याला भिंत अंगावर घेऊन फिरावे लागते.

जपान आणि हा टापू यांची ओळख जुनी आहे, आणि तीही हिवाळ्यातली. अजिंठ्याची लेणी इथून दोनएक तासांच्या वाटेवर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा तिथला येण्याजाण्याचा हंगाम, आणि त्या काळात येणाऱ्या परदेशी यात्रेकरूंत जपानी बौद्ध मोठ्या संख्येने असतात. लेण्यांच्या परिसरातल्या सोयीसुविधांचे बरेचसे काम जपानच्या कर्जसाहाय्याने झाले. सकाळी सकाळी तिथला रखवालदार स्वेटर-मफलरीत असतो आणि जपानी पाहुणा पातळ सदऱ्यात. त्याच्या देशात ही हवा वसंताची. अराई काम्पो हा चित्रकार १९१७-१८ च्या सुमारास अजिंठ्याला येऊन भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करत होता. त्या प्रतिकृती जपानला पोहोचल्या आणि १९२३ च्या टोकियोच्या भूकंपात नष्ट झाल्या. पुढे हाच काम्पो नारा शहराजवळच्या होर्युजी मंदिरातल्या भित्तिचित्रांची नक्कल करणाऱ्या चित्रकारांत सामील झाला. तिथले बोधिसत्त्व पाहिले की पहिल्या लेण्यातला पद्मपाणी आठवतो, असे दोन्हीकडचे जाणकार म्हणत आले आहेत. होर्युजीची ही चित्रे २६ जानेवारी १९४९ रोजी जळाली. आग कशाने लागली याची जी कारणे सांगितली जातात त्यांत एक असे: ऐन थंडीत मंदिराच्या गार सभागृहात बसून काम करणाऱ्या चित्रकारांनी ऊब मिळावी म्हणून विजेवर तापणाऱ्या उशा घेतल्या होत्या, त्यांपैकी एक चालू राहिली. १९५५ पासून हा दिवस जपानमध्ये सांस्कृतिक ठेव्याचे आगीपासून रक्षण करण्याचा दिवस म्हणून पाळतात. लाकडी इमारतीच्या आत बसलेल्या माणसालाही त्या देशात थंडी किती लागते, याची ही फार महागात पडलेली साक्ष.

जपानच्या हिवाळ्याचे मूळ सैबेरियात आहे. तिथे थंड, जड हवेचा मोठा थर साचतो आणि वारा वायव्येकडून जपानकडे निघतो. निघताना तो कोरडा असतो. वाटेत जपानी समुद्र लागतो, त्यातून दक्षिणेकडचा कोमट प्रवाह वाहत असतो, आणि हा वारा त्या पाण्यावरून जाताना ओलावा उचलत जातो. पुढे होन्शू बेटाच्या कण्यासारखे डोंगर आडवे येतात. वारा वर चढतो, ओलावा बर्फ होऊन पश्चिम उताराकडच्या गावांवर पडतो, आणि डोंगर ओलांडून टोकियोच्या मैदानात उतरतो तो वारा पुन्हा कोरडाठाक. कोकण भिजते आणि घाट ओलांडल्यावर मराठवाडा कोरडा राहतो, त्याच तऱ्हेचा हा प्रकार. ऋतू आणि दिशा तेवढ्या वेगळ्या. टोकियोहून बुलेट ट्रेनने एचिगो-युझावाला जायला सव्वा-दीड तास लागतो. बोगद्यात शिरताना निळे आभाळ असते, बाहेर पडताना घरांच्या छपरांवर कमरेएवढा बर्फ.

म्हणून जपानला न्यायचे कपडे असा एकच गठ्ठा बांधता येत नाही. टोकियो, क्योतो, ओसाका ही डोंगराच्या कोरड्या बाजूची शहरे. जानेवारीत टोकियोचे सरासरी कमाल तापमान ९.८ अंश, किमान १.२, क्योतोचे ९.१ आणि १.५, ओसाकाचे ९.७ आणि ३. आकडे जवळजवळ सारखे, पण क्योतो तिन्ही बाजूंनी डोंगरांनी वेढलेले असल्याने तिथली थंडी जमिनीलगत साचते. कानाझावा हे पलीकडच्या बाजूचे शहर: तापमान टोकियोपेक्षा फार खाली नाही, पण पाऊस, ओला बर्फ, मधूनच हिवाळी गडगडाट. तिथल्या केनरोकुएन बागेत नोव्हेंबरमध्येच पाइनच्या फांद्या बर्फाच्या भाराने मोडू नयेत म्हणून उंच खांबाला दोऱ्यांनी तोलून धरतात. सपोरोचा पारा जानेवारीत दुपारीही शून्याच्या खाली असतो, आणि दक्षिणेचे नाहा त्याच वेळी सतरा अंशांवर. ओकिनावाला जाणाऱ्याने हसनाबादचाच स्वेटर नेला तरी चालेल.

टोकियोच्या आकड्यांकडे नीट पाहिले तर त्यात दिवसभराचा चढउतार आठ-नऊ अंशांचाच आहे. इथल्या निम्मा. दुपारी ऊन असते, लख्ख असते, टोकियोचा हिवाळा मुळातच सूर्यप्रकाशाचा. पण त्या उन्हाची मराठवाड्यातल्या उन्हासारखी वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. ते येते, उजेड देते आणि निघून जाते. डिसेंबरच्या सुरुवातीला टोकियोत साडेचारच्या आत सूर्य मावळतो. हसनाबादला तेव्हा आणखी सव्वा तास दिवस शिल्लक राहिला असता. घड्याळे साडेतीन तास पुढे आणि सूर्य लवकर झोपणारा, त्यामुळे पहिले दोन दिवस मराठी माणूस जेवणाच्या वेळा आणि काळोख यांच्या हिशेबात गोंधळलेला असतो. मंदिरे चार-साडेचारला बंद होतात, संग्रहालये पाचला. २९ डिसेंबर ते ३ जानेवारी या दिवसांत अनेक संग्रहालये, कचेऱ्या, छोटी दुकाने मुळी उघडतच नाहीत, हेही तिकीट काढण्यापूर्वी पाहायला हवे.

मोठा बदल तासांत होत नाही, दारात होतो. बाहेर चार अंश, स्टेशनात शिरले की गर्दीची ऊब, गाडीत बसले की आसनाखालून गरम हवा येते आणि पोटऱ्या अक्षरशः भाजतात, मॉलमध्ये बावीस-तेवीस अंश, पुन्हा रस्ता. दिवसातून वीस-पंचवीस वेळा ही ये-जा होते. हसनाबादहून आलेल्या माणसाची सवय अशी की सकाळी घातले ते दहाला काढायचे. टोकियोत दहाला काढले तर सव्वादहाला पुन्हा घालावे लागते. जो एकच जाडजूड लोकरीचा स्वेटर घालून निघतो तो गाडीत घामाघूम होतो, तो घाम बनियनमध्ये मुरतो आणि पुढच्या स्टेशनवर बाहेर पडताच तेच ओले सुती बनियन बर्फाची पट्टी ठेवल्यासारखे पाठीला चिकटते. सुती कापड मराठवाड्याच्या उन्हात जितके गुणी, तिथे तितकेच घातकी.

तेव्हा बॅगेत पहिले जावे ते अंगाला घट्ट बसणारे पातळ थर्मल, दोन जोड. घाम टिपून झटकन वाळणारे. युनिक्लो या जपानी कंपनीने २००३ मध्ये हीटटेक नावाचे असे कापड बाजारात आणले. अंगाचा ओलावा शोषताना त्यातले धागे थोडी उष्णता सोडतात. आता भारतातल्या कंपन्यांचीही थर्मल बरी निघतात, आणि कमी पडलीच तर टोकियोत पावलोपावली मिळतात. त्यावर पूर्ण बाह्यांचा नेहमीचा शर्ट किंवा कुर्ता. मग चेन उघडता येईल असे फ्लीसचे किंवा पिसांचे हलके जाकीट. डोक्यातून घालायचे नको, कारण गर्दीच्या डब्यात ते काढताना शेजाऱ्याच्या चष्म्याला कोपर लागते. सगळ्यात वर मांड्यांपर्यंत येणारा, वारा आत न येऊ देणारा कोट. वाऱ्यापुढे हाताने विणलेला स्वेटर म्हणजे चाळणी, मग तो कितीही मायेने विणलेला असो. कोट एकच पुरे. सगळ्या फोटोंत तोच दिसेल, ही तक्रार बहुधा परतल्यावर सुचते. मफलरी दोन-तीन रंगांच्या नेल्या की तिचीही सोय होते. कोट बॅगेत भरू नये, अंगावर घालून किंवा हातावर टाकून विमानात चढावे. मुंबईच्या विमानतळावर त्याने घाम फुटतो, पण बॅगेतला अर्धा कप्पा वाचतो.

कानटोपीबद्दल मराठी माणसाला उपदेश करायची गरज नाही. कान झाकले की थंडी निम्मी होते या मताबाबत महाराष्ट्रात सहसा मतभेद नसतो, आणि या एका बाबतीत टोकियोतही हे मत खरे ठरते. हातमोजे मात्र इथल्या माणसाच्या यादीत नसतात. ते असावेत, आणि मोबाइलच्या पडद्यावर चालणारे असावेत. नाहीतर रस्ता शोधताना दर चौकात हात उघडा करावा लागतो.

पायांचा विचार सगळ्यात जास्त करायला हवा आणि नेमका तोच सगळ्यात शेवटी होतो. जपानी घरात, मंदिरात, पुष्कळ खानावळींत आणि जुन्या सरायांत बूट दाराशी काढावे लागतात. मराठी माणसाला यात नवे काही नाही, पण इथे चप्पल काढून आत गेले की फरशी किंवा शेणाने सारवलेली जमीन असते, आणि ती दुपारी तापलेली असते. क्योतोतल्या मंदिराची लाकडी पडवी जानेवारीत गोठवणाऱ्या तापमानाला असते, आणि तिच्यावरून तासभर मोज्यांनी फिरायचे असते. पातळ नायलॉनचे मोजे घालून गेलेला माणूस तिथली प्रसिद्ध बाग पाहत नाही, पायांची बोटे आळीपाळीने उचलत राहतो. जाड लोकरीचे, भोक न पडलेले चार जोड मोजे ही चैन नव्हे. बूट असे हवेत की वाकून पाच मिनिटे नाड्या सोडाव्या लागणार नाहीत. नवे कोरे बूट तर मुळीच नकोत. रोज दहा-बारा किलोमीटर चालणे होते. टोकियोत बर्फ क्वचित, वर्षातून थोडेच दिवस पडतो, आणि पडला की सगळ्या गाड्यांची वेळापत्रके कोलमडतात. पण पाऊस येतो, म्हणून बूट पाणी न शिरणारे असावेत. छत्री नेऊ नये. तिथे कोपऱ्यावरच्या दुकानात पारदर्शक छत्री स्वस्तात मिळते.

साडी नेसणाऱ्या बायकांचा प्रश्न प्रवासाच्या यादीत कोणी मांडत नाही, आणि मुलाकडे किंवा लेकीकडे जाणाऱ्या आयांपैकी कितीतरी जणी साडीच नेसतात. परकराच्या आत लोकरीचे किंवा थर्मलचे लेगिंग घातले की साडीची अडचण उरत नाही. उलट निऱ्यांचे थर ऊब धरून ठेवतात. अडचण येते ती काठाची. ओल्या फरशीवर किंवा वितळणाऱ्या बर्फात काठ भिजतो आणि घोट्याला गार चाबूक बसत राहतो. साडी दोन बोटे वर नेसणे, सुती ऐवजी लवकर वाळणारी सिंथेटिक साडी घेणे आणि कोट गुडघ्याखाली येणारा असणे, एवढे पुरते. ज्यांना चप्पल सोडवत नाही त्यांच्यासाठी अंगठा वेगळा असलेले मोजे जपानमध्ये सहज मिळतात. तिथे तशा मोज्यांची स्वतःचीच जुनी परंपरा आहे. पण चप्पल घालून जानेवारीत टोकियो फिरू नये, हेच खरे.

हवा कोरडी असल्याने ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात, दाराच्या मुठीला हात लावला की विजेचा चटका बसतो. व्हॅसलीनची डबी खिशातच ठेवावी. खोबरेल तेलाची बाटली मात्र फसवते. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजते. हसनाबादला हिवाळ्यात सकाळी ते थिजलेले असते आणि अकराला, बाटली उन्हात ठेवली की, पुन्हा पातळ होते. टोकियोत ते थिजले की तसेच राहते. अरुंद तोंडाच्या बाटलीतून मग काडीने उकरायची वेळ येते, म्हणून रुंद तोंडाची डबी न्यावी किंवा तिळाचे तेल न्यावे.

घराच्या आतल्या थंडीने अनेकांना धक्का बसतो. टोकियो, ओसाकाकडची जुनी घरे उन्हाळ्याचा विचार करून बांधलेली, भिंती पातळ, खिडक्या एकेरी काचेच्या. माणसे असतात तेवढी खोली तापवायची आणि पडवी, न्हाणीघर गारच ठेवायचे, ही रीत. ठेंगण्या मेजाखाली हीटर आणि वरून गादीसारखी रजई असलेल्या कोतात्सूत पाय घालून सगळे घर बसते. शेकोटीशी याचे नाते उघड आहे. पाठ शेकोटीलाही उघडी राहते आणि इथेही, फरक एवढाच की इथे धूर नाही. झोपताना अंगावर घालायला जाड पायजमा आणि घरात वापरायचे मोजे वेगळे न्यावेत. गरम पाण्याचे कुंड हा रात्रीचा खरा आनंद, चाळीस-बेचाळीस अंशांचे पाणी, बंबातल्या पाण्यावर वाढलेल्या माणसाला ते परके वाटत नाही. सार्वजनिक स्नानगृहात मात्र अंग धुऊन, विवस्त्र होऊनच कुंडात उतरायचे असते, आणि गोंदलेल्या माणसाला अनेक ठिकाणी मज्जाव असतो. तो नियम तिथल्या गुन्हेगारी टोळ्यांच्या गोंदणामुळे आला. मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या बाईच्या हातावरची तुळस किंवा कपाळावरचा ठिपका याचा त्याच्याशी काही संबंध नाही, तरी आधी विचारून घ्यावे. छोटे गोंदण झाकायच्या पट्ट्याही मिळतात.

खिशात ठेवायची ऊब जपानी दुकानांत पुडीत मिळते. तिला काइरो म्हणतात. वेष्टण फाडले की आतली लोखंडाची पूड हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावून गंजू लागते. मीठ, पाणी आणि कोळशाची पूड तो वेग वाढवतात, आणि गंजताना निघणारी उष्णता दहा-बारा तास पुरते. नांगराच्या फाळावर पावसाळ्यात जे सावकाश होते तेच इथे पुडीत घाईने घडवलेले. ही पुडी उघड्या कातडीवर चिकटवू नये, झोपताना तर नाहीच. मंद आचेनेही भाजते. पोटऱ्या, कंबर, बुटाच्या आत, अशा निरनिराळ्या जागांसाठी ती निरनिराळी मिळते. ती इथून नेण्यात अर्थ नाही, तिथे जागोजाग आहे. पेयांची यंत्रे हिवाळ्यात गरम चहा-कॉफीचे डबे देतात. तो डबा आधी हातात धरायचा, मग प्यायचा.

विजेच्या वस्तूंत फसगत होते. जपानमध्ये घरातला दाब १०० व्होल्ट, भारतातला २३०. मोबाइल आणि लॅपटॉपचे चार्जर दोन्हींवर चालतात, फक्त दोन चपट्या पिनांचे टोक जवळ हवे. इथली इस्त्री, पाणी तापवायची किटली, केस वाळवायचे यंत्र तिथे नुसते कोमट होऊन बसते. गरम पाण्याची किटली बहुतेक हॉटेलांच्या खोलीत असतेच.

औषधांच्या बाबतीत काटेकोर राहावे. सर्दी-पडशाच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असते, खोकल्याच्या काही औषधांत कोडीन. दोन्हींवर जपानमध्ये कडक बंधने आहेत आणि ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक प्रमाण असेल तर आधी परवानगी घेतल्याशिवाय ते औषध नेता येत नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेली नेहमीची औषधे महिनाभर पुरतील एवढीच, चिठ्ठीसह आणि मूळ वेष्टणात न्यावीत. त्याहून जास्त नेण्यासाठी आधी परवाना काढावा लागतो. थंडीत नाक वाहणारच. त्यासाठी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि सुंठ पुरेशी ठरते.

सपोरोला जाणाऱ्याची यादी वेगळी. तिथे फेब्रुवारीच्या सुरुवातीला होणारा हिम उत्सव १९५० मध्ये शाळकरी मुलांनी उभारलेल्या सहा मूर्तींपासून सुरू झाला. रस्त्यावरचा बर्फ चाकांखाली दबून काचेसारखा गुळगुळीत होतो, म्हणून बुटाच्या तळाला लावायचे काढता-घालता येणारे दाते लागतात. ते तिथल्या स्टेशनांवर मिळतात. पावले छोटी टाकायची, तळवा सपाट टेकवायचा, हात खिशात घालायचे नाहीत. गंमत अशी की सपोरोची घरे टोकियोपेक्षा कितीतरी उबदार, खिडक्या दुहेरी, हीटर जोरात. उणे आठ अंशांतून आत आलेला माणूस आत फक्त शर्टावर बसतो. दाराची थंडी तिथे पुरी तीस अंशांची होते.

कोयासान हे मराठी प्रवाशाच्या दृष्टीने वेगळे ठिकाण. वाकायामा प्रांतातले हे मंदिरांचे गाव सुमारे आठशे मीटर उंचीवर आहे. महाराष्ट्राचा वाकायामाशी २०१३ मध्ये सहकार्याचा करार झाला, आणि २०१५ मध्ये कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा उभा राहिला. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांना ओसाकाहून वाट वाकडी करून तिथे जावेसे वाटते ते यामुळे. हिवाळ्यात तिथे बर्फ असतो, मठातल्या मुक्कामाच्या खोलीत हीटर असतो पण सज्जा आणि न्हाणीघराकडची वाट गोठलेली असते, आणि पहाटेच्या प्रार्थनेला जाड मोज्यांशिवाय बसवत नाही. जेवण मात्र पूर्ण शाकाहारी, मासळीच्या अर्काशिवाय केलेले. जपानच्या इतर शहरांत भाजीच्या सारातही तो अर्क असतो, त्यामुळे इथे शाकाहारी माणूस निर्धास्तपणे जेवतो.

बाकी ठिकाणी आधार लागतो तो घरच्या खाऊचा. डिंकाचे आणि मेथीचे लाडू, चिवडा, शेंगदाण्याची चटणी, कडक दशम्या, संक्रांतीच्या सुमाराला गेले तर तिळगूळ. थंडीत भूक लवकर लागते आणि बाहेर भाजलेली रताळी विकणारी गाडी दरवेळी सापडतेच असे नाही. पण सगळेच नेता येत नाही. ताजी फळे, भाज्या आणि कोणत्याही रूपातले मांस जपानमध्ये तपासणीच्या दाखल्याशिवाय आत येऊ देत नाहीत. पिंपळगाव रेणुकाईची हिरवी मिरची आणि जालन्याची मोसंबी, दोन्ही लेकीने फोनवर मागितली तरी घरीच ठेवावीत. ठेचा करून, तेलात परतून, घट्ट झाकणाच्या डबीत भरलेली मिरची मोठ्या बॅगेतून नेता येते. कढीपत्ता न्यायचा तर वाळवून, दळून चटणीत घालून न्यावा. विमानतळावर सामानाच्या पट्ट्याजवळ वास घेत फिरणारी छोटी बीगल कुत्री असतात. ती एखाद्या बॅगेशी शांतपणे बसली की अधिकारी येऊन ती बॅग उघडायला सांगतो.